कोरेगावजवळ अर्धा एकर घ्यायचाय, एजंटवर किती विसंबावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पुण्यात नोकरीला, मूळ गाव खानापूर तालुक्यात, वडिलांच्या नावावर तिथं थोडी जमीन. आता साताऱ्याजवळ, कोरेगावच्या बाजूला वीस गुंठे घ्यायचेत. नाही जमलं तर वाळवा-पलूसकडं बघायची तयारी आहे. एजंटनं दोन एकरांच्या गटातला एक तुकडा दाखवला आणि तो तुम्हाला आवडला. एजंट एक लाख रोख टोकन मागतोय, मालकाची गाठ टोकन झाल्यावर घालून देतो म्हणतोय आणि दलाली दोन टक्के सांगतोय. हा माणूस विश्वासाचा आहे की नाही हे कसं ओळखायचं, की त्याला बाजूला ठेवून थेट मालकाकडं जावं, असं तुम्ही विचारलंय.

मी सातारा, कोरेगाव, कराड आणि पलीकडं वाळवा-पलूसपर्यंत जमिनीच्या व्यवहारात मध्यस्थीचंच काम करतो. त्यामुळं धंद्याच्या आतल्या बाजूनं सांगतो.

माणूस चांगला की वाईट हे एका भेटीत कळत नाही, आणि तुमची खरी अडचण तीही नाही. एजंटचे पैसे कशावर आणि कधी अवलंबून आहेत, हे आधी बघा. व्यवहार झाला तरच त्याला दलाली मिळते. फिसकटला तर महिनाभराची पायपीट आणि पेट्रोल त्याच्या अंगावर पडतं. अशा वेळी अगदी सरळ माणसालाही सातबाऱ्यावरचा शेरा किरकोळ वाटायला लागतो. ‘होऊन जाईल, तलाठ्याशी बोललोय’ हे तो खोटं म्हणून बोलत नसतो, त्याला ते तसंच दिसत असतं. म्हणून जमिनीची आणि गावाची माहिती एजंटकडून जितकी मिळेल तितकी घ्या, पण कागद बरोबर आहेत हे सांगणारा माणूस वेगळा हवा, आणि त्याची फी व्यवहार होवो न होवो ठरलेली हवी. तुमचा स्वतःचा वकील म्हणजे तो माणूस. एजंट ‘आमचे वकील आहेत, सगळं बघतात’ म्हणाला तर हसून हो म्हणा आणि आपला वेगळा गाठा.

आता मालकाची भेट. एजंट ती का टाळतो, याची दोन कारणं असतात. पहिलं कारण धंद्यातलं जुनं दुखणं आहे. मालकाशी त्याचं ठरलेलं असतं, ‘तुम्हाला गुंठ्याला एवढे मिळाले की झालं, वरचे माझे.’ मग तुम्हाला सांगितलेला दर आणि मालकाच्या हातात पडणारा दर यांत मोठी तफावत असते आणि वर दोन टक्के वेगळे. कधी गावातला एक, तालुक्याचा एक, साताऱ्याचा एक अशी तिघांची साखळी असते आणि प्रत्येकानं थोडं थोडं चढवलेलं असतं. दुसरं कारण मात्र खरं आहे आणि तेही समजून घ्या. गिऱ्हाईक मालकाला भेटतं, फोन नंबर घेतं आणि दोन महिन्यांनी एजंटला न विचारता परस्पर खरेदी करतं. आमच्यातल्या बहुतेकांना हा अनुभव आलेला आहे.

दोन्ही कारणांवर उपाय एकच आहे. टोकन द्यायच्या आधी एजंटबरोबर साधा एक कागद करा: अमुक गावचा अमुक गट नंबर तुम्ही दाखवला, सहा महिन्यांत आम्ही ही जमीन घेतली तर तुमची दलाली एवढी, ती या या टप्प्यावर बँकेतून देऊ, आणि यापलीकडं खरेदीदाराकडून किंवा किमतीतून तुम्ही काही घेणार नाही. दोघांच्या सह्या, एक प्रत त्याच्याकडं. एवढं झाल्यावर सरळ एजंट दुसऱ्या दिवशी तुम्हाला मालकाच्या अंगणात नेऊन बसवतो. कागद झाल्यावरही भेट घालून देत नसेल तर ती जागा सोडा. तिथं वरचे पैसे आहेत, किंवा त्याहून वाईट म्हणजे मालकाला विकायचीच नाही आणि एजंट नुसत्या साठेखताच्या (पुढं विकण्याच्या कराराच्या) किंवा मुखत्यारपत्राच्या (मालकाच्या वतीनं सही करायच्या अधिकारपत्राच्या) जोरावर पार्टी शोधतोय. मुखत्यारपत्र आणि साठेखत यांनी जमिनीची मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. खरेदीखत मूळ मालकांच्या सहीनंच व्हावं, असा आग्रह धरा.

एजंट मालकाकडूनही पैसे घेत असेल तर त्यात मला गैर वाटत नाही. आपल्याकडं दोन्ही बाजूंनी घेण्याची रीतच आहे. फक्त ते तुम्हाला माहीत असावं.

मग थेट मालकाकडंच का जाऊ नये? गाव तुमचं असेल, माणसं ओळखीची असतील तर जरूर जा. पण अनोळखी गावात एजंटचा खरा उपयोग दर ठरवण्यात नसतो, माणसं एकत्र बसवण्यात असतो. कोरेगाव तालुक्यातलीच एक जागा सांगतो. सातबाऱ्यावर तीन भावांची नावं होती, तिघंही विकायला तयार. जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढले तर वडिलांच्या आधी आजोबांचं नाव ‘ए.कु.मॅ.’ म्हणून लागलेलं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. पुढच्या कुठल्याशा नोंदीत ती तीन अक्षरं गळून गेली आणि जमीन आजोबांच्या एकट्याची असल्यासारखी खाली उतरली. आजोबांच्या धाकट्या भावाचा वंश मुंबईला होता आणि या भावांच्या दोन बहिणी सासरी. कागदावर या कुणाचंच नाव नव्हतं. गावातल्या मध्यस्थाला मात्र ही सगळी पाळंमुळं तोंडपाठ होती. तो दोन्ही बहिणींच्या घरी जाऊन आला, मुंबईच्या चुलत्यांना गावच्या यात्रेला आले असताना गाठलं, आणि सगळ्यांना खरेदीखतावर संमती देणार म्हणून घेतलं. हे काम वकील करू शकत नाही आणि पुण्याहून येणारा खरेदीदार तर नाहीच नाही. अशा माणसाची दलाली द्यायला हात आखडू नका.

बहिणींचा विषय निघालाच आहे तर तो पूर्ण करतो. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि त्यासाठी वडील त्या वेळी हयात असण्याची गरज नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये दिला. ‘बहिणींनी कधीच हक्कसोड दिलंय’ असं एजंट म्हणाला तर ते नोंदणीकृत हक्कसोडपत्र बघायला मागा. तोंडी हक्कसोडीवर वारसनोंदीतून बहिणींची नावं वगळलेली गावोगाव सापडतात, आणि जमिनीला भाव आला की भाचे उभे राहतात.

आता तुमच्या त्या वीस गुंठ्यांकडं येतो. यात सगळ्यात आधी तुमचंच पात्र असणं बघायला हवं. शेतजमीन घ्यायला आपल्या राज्यात शेतकरी असावं लागतं. नसेल तर कुळकायद्याच्या कलम ६३ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. वडिलांच्या नावावर जमीन आहे म्हणताय, तर तिचा ताजा सातबारा आणि ८अ (खात्यावरच्या एकूण जमिनीचा उतारा) काढा आणि शेतकरी असल्याचा दाखला तहसीलमधून आधीच घेऊन ठेवा. खरेदी तुमच्या नावावर करायची की वडिलांच्या, हेही वकिलाला आत्ताच विचारा. ‘शेतकरी दाखला आपण करून देतो’ असं म्हणणाऱ्या एजंटपासून लांब राहा. बनावट दाखल्यावर झालेली खरेदी पुढं कधीही उघडी पडते.

दुसरं म्हणजे दोन एकरांतला अर्धा एकर. तुकडेबंदी कायद्यानुसार ठरवलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडून विकता येत नाही. २०२३ मध्ये हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे करण्यात आलं. म्हणजे तुमचे वीस गुंठे जिरायत असतील तर अगदी काठावर बसतात. मोजणीत साडेएकोणीस भरले तर अडचण. शहरी आणि नियोजनातल्या भागांसाठी यात अलीकडं सवलती आल्या आहेत, पण त्या तुमच्या गटाला लागू होतात का हे गट नंबर घेऊन वकिलाकडूनच समजून घ्या. एजंट इथं एक सोपी वाट सुचवतो: ‘चार जणांनी मिळून घ्या, सातबारा सामाईक राहील, जागेवर आपण कुंपण घालून देतो.’ फार्म प्लॉट म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक जागा अशाच आहेत. त्यात तुमच्या नावावर गटाचा एक हिस्सा येतो, पण तो नेमका कुठला हे कुठल्याच कागदावर नसतं. पुढं विकायचं, कर्ज काढायचं, विहीर पाडायची म्हटलं की बाकीच्या तिघांच्या दारात जावं लागतं. मी असा व्यवहार कुणाला करून देत नाही.

तिसरं, सातबाऱ्याच्या वरच्या भागात भोगवटादार वर्ग १ आहे की २ हे बघा. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. मग ‘इतर हक्क’ हा रकाना सावकाश, ओळ न ओळ वाचा. विकास सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा असणं ही रोजची गोष्ट आहे. मालकाच्या रकमेतून तो परस्पर फेडून, बोजा कमी झाल्याची नोंद घालूनच पुढं जायचं. कुळकायद्यानं मिळालेली जमीन असेल तर कलम ४३ चा शेरा दिसेल. खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षं होऊन गेली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीस पट रक्कम भरून तो मार्ग मोकळा होतो, त्यामुळं तो शेरा बघून घाबरू नका. देवस्थान इनाम, म्हणजे देवाच्या नावे दिलेली जमीन, दिसलं तर मात्र तिथंच थांबा.

आपल्या भागात आणखी एक शेरा असतो, जो शहरातल्या बऱ्याच लोकांना माहीत नसतो: ‘पुनर्वसनासाठी राखीव’. कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी, वारणा अशी धरणं झाली, त्यांच्या लाभक्षेत्रातल्या जमिनी धरणग्रस्तांना द्यायला म्हणून अडकवल्या गेल्या. कोरेगावची बरीचशी गावं धोमच्या कालव्याखाली येतात, म्हणून हे खास सांगतोय. असा शेरा असेल तर जिल्हा पुनर्वसन कार्यालयाकडून मोकळीक झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊ नका. धरणग्रस्ताला वाटप झालेली जमीन असेल तर ती वर्ग २ ची असते आणि तिचे नियम आणखी कडक आहेत.

मोजणी खरेदीच्या आधी करून घ्या. अर्ज मालकाच्या नावानं भूमी अभिलेख कार्यालयात जातो, म्हणून फी कोण भरणार हे बैठकीतच ठरवा. माझ्या मते ती खरेदीदारानं भरावी आणि कामाला लागावं. लगतच्या शेतकऱ्यांना नोटिसा जातात, ते बांधावर येतात, आणि कुणाचं काय दुखणं आहे ते त्या दिवशी बाहेर पडतं. मोजणीला वेळ लागतो म्हणून एजंट ‘नंतर करू’ म्हणतो. नंतर केलेल्या मोजणीत सरबांध दहा फूट आत आला तर तो तुमचा प्रश्न असतो, मालकाचा नाही.

वाट आणि पाणी, या दोन गोष्टी कागदापेक्षा शेतात जाऊन कळतात. एजंट तुम्हाला गाडीतून ज्या रस्त्यानं नेतो तो कुणाच्या मालकीतून जातो, हे विचारा. दोन एकरांतला मागचा अर्धा एकर घेत असाल तर पुढच्या दीड एकरातून तुमची वाट किती फुटांची, हे खरेदीखतात आणि त्याला जोडलेल्या नकाशात यायला हवं. ‘आम्ही काय आडवं येतोय व्हय’ हा मालकाचा शब्द त्या दिवशी खरा असतो, त्याच्या मुलापर्यंत पोचेल याची खात्री नसते. वाटेसाठी मामलेदार कोर्टात जाता येतं, पण त्यासाठी वर्षं घालवायची तुमची तयारी आहे का? विहिरीचंही तसंच. ‘विहिरीत हिस्सा आहे’ याचा अर्थ आठवड्यातल्या कुठल्या दिवशी, किती तास मोटर चालवायची, वीजजोडणी कुणाच्या नावावर, पाइपलाइन कुणाच्या बांधावरून, हे सगळं असतं. एक दिवस एजंटशिवाय जा. सकाळी वैरणीला आलेल्या शेजाऱ्याशी बोला आणि पाण्याची पाळी विचारा. त्यातून जेवढं कळेल तेवढं कुठल्याही कार्यालयात कळणार नाही.

वाळवा-पलूसकडं वळलात तर दोन गोष्टी वेगळ्या बघाव्या लागतील. कृष्णाकाठची काळी कसदार जमीन म्हणून दाखवलेली कित्येक शिवारं अति पाण्यानं क्षारपड झालेली आहेत. पावसाळ्यानंतर शिवार हिरवंगार दिसतं, एजंट तेव्हाच दाखवतो. तुम्ही उन्हाळ्यात, मार्च-एप्रिलमध्ये जा. सरीच्या वरंब्यावर मिठासारखा पांढरा थर आहे का, ऊस ठिकठिकाणी विरळ आणि पिवळा पडलाय का, बघा. माती परीक्षण करा; त्याला फार खर्च येत नाही. अशी जमीन स्वस्त मिळते, ती निचरा करून सुधारताही येते, पण त्याचा खर्च आणि चार वर्षांची कळ धरून दर ठरवायला हवा. दुसरी गोष्ट पुराची. २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी या शेतात कुठपर्यंत आलं होतं, हे गावात कुणीही हात करून दाखवेल. घर बांधायचा विचार असेल तर निळी आणि लाल पूररेषा पाटबंधारे खात्याच्या नकाशावर तपासा. आटपाडी, जत, माणकडं एजंट टेंभू, म्हैसाळ, जिहे-कटापूर या उपसा योजनांचं पाणी आलंच म्हणून दर सांगतात. पाणी तालुक्यात येणं आणि तुमच्या गटात येणं यांत बरंच अंतर असतं. आज जे शेतात आहे त्याचेच पैसे द्या.

महारेराचा (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा) नंबर विचारावा का, असंही तुम्ही विचारलंय. बिगरशेती प्लॉटच्या नोंदणीकृत प्रकल्पात प्लॉट घेत असाल तर जरूर विचारा. तिथं एजंटची नोंदणी बंधनकारक आहे आणि संकेतस्थळावर ती तपासता येते. पण निव्वळ शेतजमिनीच्या व्यवहाराला ती व्यवस्था लागू नाही. म्हणजे तुमच्या कोरेगावच्या एजंटला परवाना देणारं किंवा तो काढून घेणारं कुणी नाही. जे काही बंधन आहे ते तुमच्या त्या सहीच्या कागदाचं आणि गावात त्याच्या नावाला असलेल्या किमतीचं. म्हणून त्यानं गेल्या दोन-तीन वर्षांत करून दिलेल्या दोन व्यवहारांतले खरेदीदार गाठा आणि त्यांना एकच विचारा: सातबाऱ्यावर नोंद व्हायला अडचण आली तेव्हा हा फोन उचलत होता का?

आता ते एक लाख रोख. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं आगाऊ घेणं आयकर कायद्यानं निषिद्ध आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. तुम्हाला मात्र त्यापेक्षा मोठी भीती ही, की ते पैसे मालकापर्यंत पोचले याचा पुरावा तुमच्याजवळ राहत नाही. ‘उद्या दुसरी पार्टी येतेय’ हे वाक्य दर व्यवहारात असतंच. कधी ते खरंही असतं. गेली तर गेली जागा. द्यायचंच असेल तर मालकाच्या खात्यात, चेकनं किंवा बँकेतून, थोडी रक्कम द्या आणि इसार पावतीत लिहून घ्या की मालकीच्या शोध अहवालात किंवा मोजणीत दोष निघाला तर इतक्या दिवसांत पैसे परत. मग वकिलाला तीस वर्षांच्या मालकीच्या नोंदींचा शोध घ्यायला लावा, स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्या, आणि हरकत आली नाही तर मोठी रक्कम देताना नोंदणीकृत साठेखत करा.

दराबद्दल मी इथं बसून काही सांगू शकत नाही. डांबरी रस्त्याला लागून की आत, बागायत की माळ, साताऱ्यापासून किती लांब, यावर एकाच गावात दर दुप्पट-तिप्पट बदलतो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्या गावातल्या अलीकडच्या दस्तांचा गोषवारा, म्हणजे सूची क्रमांक दोन, बघता येतो. त्यातले आकडे बऱ्याचदा रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दरपत्रकाच्या, आसपास लिहिलेले असतात, त्यामुळं त्यांना बाजारभाव समजू नका; पण कुणी कुणाला केव्हा विकलं हे कळतं, आणि त्या माणसांना जाऊन भेटता येतं.

दलाली दोन टक्के ही आपल्याकडं चालणारी आहे, त्यावर घासाघीस करत बसू नका. ती कधी द्यायची, यावर ठाम राहा. मी स्वतः निम्मी खरेदीखताच्या दिवशी आणि निम्मी नोंद झाल्यावर घेतो. खरेदीखतानंतर फेरफार पडतो, हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी १५ दिवस असतात आणि मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हे सगळं ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर तुम्हाला पुण्यात बसूनही दिसतं. हरकत आलीच तर त्या वेळी गावात जाऊन बोलणारा माणूस एजंटच असतो, आणि त्याचे निम्मे पैसे बाकी असले की तो जातो. नोंद प्रमाणित होऊन तुमच्या नावाचा सातबारा निघाला की उरलेली रक्कम त्याच दिवशी त्याच्या खात्यात टाका, त्यानं आठवण करायची वाट बघू नका.